फोम मारला तरी फट परत पडते? पुन्हा भरायच्या आधी एकदा कापून बघा

खिडकीच्या चौकटीभोवती, पाइप भिंतीतून आरपार जातो तिथे, नाहीतर पत्रा आणि भिंत जिथे भेटतात तिथे आपण स्प्रे फोम भरतो, भरल्यावर तो मस्त टम्म फुगून बसतो, आणि काही आठवड्यांनी बघावं तर एका कडेने सुटलेला असतो, हात लावला की गार हवा लागते. मग नवा कॅन येतो आणि त्याच फटीत वरून अजून एक थर मारला जातो. तोही सुटतो. असं दोनतीनदा झालं की माणूस वैतागतो आणि म्हणतो फोमच बेकार आहे, किंवा कंपनी बदलून बघतो.

बऱ्याच ठिकाणचा असा सुटलेला फोम मी स्वतः काढून बघितलाय आणि त्यावरून माझं ठाम मत झालंय की सुटलेल्या फोमवर नवा फोम मारायचाच नाही. आधी जुना कापून बाहेर काढायचा आणि त्याचं पोट बघायचं, पाठ बघायची. फोम का सुटला त्याचं कारण जवळजवळ दरवेळी त्या तुकड्यातच असतं, आणि कारण न बघता वरून भरत राहिलं तर दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे असा प्रकार होतो. वरचा नवा थर जुन्या सुटलेल्या फोमला धरून बसतो, पण जुनाच भिंतीला धरून नसेल तर दोघं मिळून सुटणार.

तुकडा कसा काढायचा

साधा लांब पात्याचा कटर पुरतो. बोटाएवढा लांब तुकडा सगळ्यात खराब दिसतंय तिथून काढा आणि दुसरा तुकडा जिथे फोम अजून घट्ट आहे तिथून काढा, कारण दोन तुकडे शेजारी ठेवले की फरक लगेच डोळ्यात भरतो. तोंडाला धूळ अडवणारा मास्क लावा, डोळ्यावर गॉगल हवा, आणि आत वायर असण्याची जराशी जरी शंका असेल तर मेन स्विच बंद करूनच पातं आत घाला. गरम तारेने किंवा गरम पात्याने फोम कापू नका, पटकन कापला जातो हे खरं पण त्यातून निघणारा धूर विषारी असतो. आणि तुकडा उपटू नका, दोन्ही कडांनी पातं फिरवून पाठीसकट अलगद सोडवा, कारण पाठ म्हणजे भिंतीला चिकटलेली बाजू, आणि निम्मी माहिती तिथेच असते. पाठीची कुठली बाजू चौकटीकडे होती आणि कुठली भिंतीकडे, ते पेनाने लिहून ठेवा.

आत पोकळी आहे, किंवा अजून चिकट आहे

कॅनच्या फोममध्ये हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून यावर जरा सविस्तर.

कॅनमधला फोम एक घटकाचा असतो. आत अर्धवट तयार झालेलं पॉलियुरेथेन असतं, त्याच्या साखळ्यांच्या टोकाला आयसोसायनेटचे गट मोकळे असतात, आणि सोबत दाबाखाली गॅस भरलेला असतो. ट्रिगर दाबला की गॅसमुळे मिश्रण फेसासारखं बाहेर येतं आणि फुगतं. पण फुगणं म्हणजे पिकणं नव्हे. तो कडक होतो तो हवेतल्या बाष्पामुळे, पाण्याची आयसोसायनेटशी रासायनिक क्रिया होते, त्यातून थोडा कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. आता हे बाष्प येणार कुठून, तर बाहेरून. म्हणजे फोम बाहेरून आत पिकत जातो. वरची कातडी दहापंधरा मिनिटांत कोरडी लागते, तासाभरात कापण्यासारखा होतो, पण आतला गाभा पूर्ण पिकायला २४ तास लागू शकतात आणि हवा थंड, कोरडी असेल तर त्याहून जास्त.

एखाद्या रुंद फटीत एकाच झटक्यात जाडजूड पट्टा मारला की काय होतं बघा, वरची कातडी घट्ट होते, तिच्यातून बाष्प आत जायचा रस्ता बंद होतो, आणि आत मिश्रण तसंच ओलं राहतं. इकडे बुडबुड्यांमधला गॅस हळूहळू बाहेर झिरपून जातो, पण त्याची जागा घ्यायला बाहेरची हवा तेवढ्या वेगाने आत येत नाही, म्हणजे आतला दाब कमी होतो आणि ज्याच्या भिंती अजून कडकच झालेल्या नाहीत असा फोम आत ओढला जातो, खचतो. बाहेरून आपल्याला फक्त एवढंच दिसतं की फोम चौकटीपासून सुटला.

एका दाराच्या चौकटीमागून काढलेला तुकडा अजून लक्षात आहे. वरून पिवळसर, टणक, नखाने दाबला तर टक्क आवाज येईल असा, आणि मधोमध कापला तर आत करंगळी जाईल एवढी पोकळी, तिच्या भिंतींना मधाच्या रंगाचे चिकट थेंब आणि त्यांचे बारीक तंतू पात्याला लागून ओढले जात होते. काम होऊन बरेच दिवस झाले होते. तुकडा बाकावर उघडा ठेवला तर थोड्या वेळाने ते थेंब फुगून कडक व्हायला लागले. म्हणजे माल चांगला होता, त्याला फक्त ओलावा मिळाला नव्हता.

तुमच्या तुकड्यात असं काही दिसलं तर उपाय थरांचा आहे. फट साफ करा, स्प्रे बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा, भिंत दमट झाली पाहिजे पण पाण्याचा ओघळ दिसता कामा नये, आणि मग फट निम्मीच भरा. खरं तर पहिल्यांदा करताय तर तिसरा हिस्साच भरा, कारण फोम फुगून बाकीची जागा घेतो आणि किती घेतो ते कॅनगणिक वेगळं असतं. फट तीनचार सेंटीमीटरहून रुंद किंवा खोल असेल तर पहिला थर चांगला कडक झाल्यावर त्यावर परत हलका फवारा आणि मग दुसरा थर. दोन थरांच्या मधला हा फवारा लोक विसरतात, आणि दुसऱ्या थराच्या खालची बाजू कोंडली जाऊन नेमकी तीच कच्ची राहते. मात्र पाणी जास्त झालं तरी नुकसानच आहे, पृष्ठभागावर पाणी साठलेलं असेल तर तिथे कार्बन डायऑक्साइड एकदम सुटतो, मोठमोठे बुडबुडे होतात आणि फोम भिंतीला धरतच नाही. दमट हवामानात फवाऱ्याची गरज कमी, कोरड्या हवेत जास्त, एवढं लक्षात ठेवलं की अंदाज येतो.

कॅनचं तापमानही तेवढंच महत्त्वाचं. कॅन २० ते २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असावा. गार कॅनमधून फोम जड, ओलसर येतो आणि नीट फुगत नाही, म्हणून थंडीत कॅन आधी काही तास घरात ठेवा, किंवा कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवा. गॅसवर, हीटरसमोर, उन्हात गाडीत, असं काहीही करू नका, आत ज्वलनशील गॅस आहे आणि ५० अंशांच्या वर कॅन फुटायचा धोका असतो. वापरण्याआधी २० ते ३० वेळा जोरात हलवा आणि मारताना कॅन उलटा धरा. हलवण्यात आळस केला तर सुरुवातीला नुसता गॅस जास्त येतो, फोम मोठ्या बुडबुड्यांचा होतो आणि शेवटी कॅनमध्ये चिकट माल तसाच उरतो. तारीखही बघा, साधारण वर्षभराचं आयुष्य असतं आणि मुदत संपलेल्या कॅनचा फोम खचण्याची शक्यता बरीच जास्त.

तुकडा आतून छान आहे पण पाठ कोरी आहे

आतून बारीक, एकसारखे बुडबुडे, दाबला की परत वर येतोय, म्हणजे फोम व्यवस्थित पिकलाय. मग पाठीकडे बघा. पाठ गुळगुळीत, चकचकीत असेल आणि तिच्यावर भिंतीचं काहीही चिकटून आलेलं नसेल तर फोमने पृष्ठभाग धरलाच नव्हता, तो नुसता टेकून बसला होता. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, टेफ्लॉन, सिलिकॉन आणि तेलकट जागा यांना फोम चिकटत नाही. यातलं सिलिकॉन सगळ्यात जास्त फसवतं. आधी कुणीतरी त्या फटीत सिलिकॉन सीलंट मारलेलं असतं, ते खरवडून काढलं तरी त्याचा पातळ थर राहतो, डोळ्याला दिसत नाही, बोटाला जरासा रबरी लागतो, आणि त्यावर कितीही वेळा फोम मारा, सुटणारच. सिलिकॉन काढणारं द्रावण मिळतं ते लावून, खरवडून, पुसून जागा कोरडी करा. नव्या पत्र्यावर कारखान्यातून आलेला तेलाचा पातळ थर असतो, तोही डिग्रीझरने पुसून घ्यावा लागतो.

आणि पाठीवर पांढरी धूळ, रंगाचे पापुद्रे, गिलाव्याचे कण चिकटून आले असतील तर फोमने त्याचं काम केलं, भिंतीनेच साथ सोडली. तिथे वायरब्रशने भुसभुशीत भाग काढून, धूळ व्हॅक्यूमने ओढून किंवा ओल्या फडक्याने पुसून, सुटा गिलावा परत करून मगच फोम. नुसतं फुंकर मारून होत नाही. हे काम कंटाळवाणं आहे, मान्य, पण पूर्ण कामातला निम्म्याहून जास्त वेळ या तयारीला गेला तरी तो वाया जात नाही.

पाठीवर मोठाले बुडबुडे, खड्डे, जाळीसारखी रचना दिसली तर जागा ओली होती. लाकडात १९ टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर त्यावर फोम मारू नये असा सर्वसाधारण दंडक आहे, ओलावा मोजायचं पिना असलेलं छोटं यंत्र मिळतं. पत्र्याच्या बाबतीत ओल दिसत नाही पण असते. हवा २५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू साधारण १७ अंशांवर येतो, म्हणजे पत्रा त्याहून गार असेल तर त्यावर दव धरणार. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा, म्हणजे या उदाहरणात २० अंश. म्हणून पत्र्याचं काम भल्या सकाळी सुरू करण्याची घाई नको, पत्रा जरा तापू द्या, हाताने पुसून बघा, मग सुरू करा.

फोम दोन्हीकडे घट्ट आहे पण मधूनच फाटलाय

अशा वेळी फोम चांगला, चिकटलाही चांगला, पण दोन्ही बाजूंच्या वस्तू हलतायत. भिंत, लाकूड, पत्रा, प्लास्टिकची चौकट, सगळं तापमानाने आणि ओलाव्याने कमीजास्त होत असतं. स्टीलच्या ६ मीटर लांब पत्र्याचं तापमान दिवसरात्रीत ४० अंशांनी बदललं तर त्याची लांबी जवळजवळ ३ मिलिमीटर बदलते. उन्हातल्या पत्र्याला ४० अंशांचा फरक काही फार नाही. पीव्हीसी तेवढ्याच तापमानाला स्टीलच्या कितीतरी पट जास्त हलतं. लाकूड लांबीत फारसं बदलत नाही पण रुंदीत दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. कडक झालेल्या साध्या फोमला एवढं ताणणं झेपत नाही, तो एकदोन ऋतू काढतो आणि मग मधूनच चिरतो. दरवर्षी त्याच मोसमात त्याच जागी भेग पडते अशी ज्यांची तक्रार असते त्यांच्या इथे बहुतेक हेच असतं.

इथे तोच फोम परत भरून उपयोग नाही. लवचीक प्रकारचा फोम मिळतो, कॅनवर तसं लिहिलेलं असतं, तो चौकटीभोवती बरा चालतो. आणि बाहेरच्या अंगाला, जिथे पाऊस आणि ऊन लागतं, तिथे फोम थोडा आत घ्या, म्हणजे एकदीड सेंटीमीटर कापून खोबण करा, त्यात बॅकर रॉड दाबून बसवा, आणि त्यावर लवचीक सीलंट मारा. बॅकर रॉड म्हणजे मऊ फोमची गोल दोरी, फटीच्या रुंदीपेक्षा पावपटीने जास्त जाड घ्यायची म्हणजे ती दाबून बसते. सीलंटची खोली रुंदीच्या साधारण निम्मी ठेवा. सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटलं पाहिजे, मागे नाही, मागेही चिकटलं तर त्याला ताणायला जागा राहत नाही आणि तेही फाटतं. दोरीचा खरा उपयोग हाच आहे, नुसती जागा भरायला ती नसते.

बाहेर उघडा ठेवलेला फोम आणखी एका कारणाने जातो, ते म्हणजे ऊन. अतिनील किरणांनी तो आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि वाळलेल्या खडूसारखी भुकटी होऊन झडायला लागतो. बोट फिरवून पूड हाताला लागली तर तेवढा भाग खरवडून काढा आणि वरून सीलंट, रंग, गिलावा, पट्टी, काहीतरी झाकण द्याच. उघडा फोम हे काम पूर्ण झाल्याचं लक्षण समजू नका.

अगदी बारीक, पाचएक मिलिमीटरपेक्षा कमी भेगांमध्ये फोम मारण्याचा हट्ट सोडून द्या, तो आत जातच नाही, तोंडावर गोळा होऊन बसतो. तिथे सीलंट.

फोम ओला निघाला

तुकडा दाबल्यावर पाणी आलं, किंवा मागे बुरशीचे काळे ठिपके दिसले तर फोमचा विषय तिथेच थांबवा. आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं. फोम गळती थांबवत नाही, लपवतो, आणि हे मला फार कळकळीने सांगायचंय, कारण छतातून किंवा पाइपमधून येणाऱ्या पाण्यावर फोम मारला की पाणी त्याच्या मागून वाट काढत कुठेतरी लांब जाऊन दिसतं आणि मधलं लाकूड वर्षभर गुपचूप कुजत राहतं.

पाणी भिंतीतून येतंय की घरातलीच वाफ गार जागेवर थंड होऊन जमतेय, हे ओळखायची एक सोपी रीत आहे. अॅल्युमिनियम फॉइलचा हातभर चौकोन भिंतीवर चारही कडांनी टेपने घट्ट लावा आणि २४ तास तसाच ठेवा. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला ओल धरली तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला धरली तर ती घरातली वाफ आहे, मग त्याचा उपाय म्हणजे हवा खेळती करणं, एक्झॉस्ट पंखा, आणि फोममध्ये कुठे तुटक जागा राहिल्यात त्या शोधणं, कारण आजूबाजूला इन्सुलेशन आणि मधेच हातभर जागा उघडी असेल तर घरातली सगळी वाफ नेमकी तिथेच जमते.

इथे ओपन सेल आणि क्लोज्ड सेल हा फरकही कामाला येतो. ओपन सेल फोम मऊ, हलका, त्याचे बुडबुडे एकमेकांत उघडे, त्यातून वाफ आरपार जाते आणि पाणीही शोषलं जातं. क्लोज्ड सेल कडक, जड, वाफेला बऱ्यापैकी अडवणारा आणि तेवढ्याच जाडीत ओपन सेलच्या जवळजवळ दीडदोन पट उष्णता रोखणारा. जिथे बाहेर कडाक्याची थंडी आणि आत उबदार दमट हवा असते तिथे छताखाली नुसता ओपन सेल मारून वाफेला आडकाठी ठेवली नाही तर वाफ फोम ओलांडून गार छतापर्यंत पोचते आणि तिथे पाणी होते. मग लोक गळती गळती म्हणून छत बाहेरून दुरुस्त करत बसतात.

भिंतीवर किंवा छताखाली यंत्राने मारलेला फोम सुटतोय

हा कॅनच्या फोमपेक्षा वेगळा आहे. यात दोन द्रव असतात, एकात आयसोसायनेट आणि दुसऱ्यात पॉलिऑल (आयसोसायनेटशी जोडला जाऊन फोम बनवणारा घटक), उत्प्रेरक, फुगवणारं द्रव्य, आगीला विरोध करणारी रसायनं. गनच्या तोंडाशी दोन्ही एकास एक या मापाने मिसळतात आणि काही सेकंदांत फुगतात. गरम नळ्या, योग्य दाब आणि नेमकं माप या तीन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं. ड्रम गार असेल, एक पंप अडकत असेल, एका बाजूची जाळी तुंबली असेल तर माप बिघडतं आणि ते बाहेरून पटकन कळत नाही.

तुकडा कापला की कळतं. आयसोसायनेट जास्त पडलं असेल तर फोम ठिसूळ होतो, बोटांत चुरला की कुरकुरत तुटतो, रंगही बहुधा गडद. पॉलिऑल जास्त असेल तर मऊ, दमट, दाबला की दबलेलाच राहतो, आणि त्याला मासळीसारखा किंवा अमोनियासारखा वास येतो जो दुपारी छत तापलं की परत परत वाढतो. दर उन्हाळ्यात घरात वास येतो, थंडीत जातो, असं होत असेल तर मला पहिला संशय याचाच येतो. कापलेल्या तोंडाचा मधला भाग करपल्यासारखा तपकिरी असेल तर एका वेळी फार जाड थर मारलाय. क्लोज्ड सेल फोम एका थरात साधारण ५ सेंटीमीटरच्या वर मारू नये, क्रियेतून खूप उष्णता निघते, ती बाहेर पडायला वेळ मिळाला नाही तर फोम आतून करपतो, थंड होताना आकसून वाश्यांपासून सुटतो, आणि अशा जाड थरांना आतून आग लागल्याच्याही घटना झालेल्या आहेत.

वजनाची एक साधी तपासणी घरी करता येते. फोममधून बरोबर १० सेंटीमीटर लांब, रुंद, उंच असा चौकोनी ठोकळा कापा, म्हणजे तो बरोबर १ लिटरचा होतो, आणि ग्रॅम दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर ठेवा. जेवढे ग्रॅम तेवढेच किलो प्रति घनमीटर. ओपन सेल ८ च्या आसपास येतो, क्लोज्ड सेल ३२ च्या आसपास. एवढी जाडी नसेल तर छोटा तुकडा घेऊन हिशोब करा. काम करणाऱ्याने क्लोज्ड सेल सांगितलाय आणि काटा १५ दाखवतोय तर तुमच्याकडे बोलायला ठोस मुद्दा आहे. एकाच जागेचा नमुना घेऊ नका, तीनचार ठिकाणचे घ्या, कारण माप कधीकधी कामाच्या मधेच बिघडतं आणि एक भिंत चांगली, दुसरी खराब असं निघतं.

माप बिघडलेला फोम नंतर कशानेही सुधारत नाही. वरून रंग मारणं, वास दाबणारं काही लावणं, वरून चांगला फोम मारणं, यातल्या कशाचाही उपयोग नाही, तो खरवडून काढावाच लागतो आणि पृष्ठभाग साफ करून नव्याने मारावा लागतो. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, ठेकेदाराला तर नाहीच, पण दुसरा मार्ग नाही. फोम फक्त थोडा आकसून वाश्यापासून बारीक फट पडली असेल, आणि कापल्यावर आतून चांगला, वजनात बरोबर असेल, तर तेवढ्या फटी कॅनच्या फोमने किंवा सीलंटने भरल्या तरी चालतं, सगळा काढायची गरज नाही. म्हणूनच म्हणतो आधी कापा.

नवीन काम करून घेत असाल तर भिंतीवर सुरू करण्याआधी एका प्लास्टिकच्या कागदावर किंवा पुठ्ठ्यावर नमुना मारायला सांगा आणि तुमच्यासमोर कापून दाखवायला सांगा. चांगला कामगार हे स्वतःहून करतो, रोज सकाळी आणि ड्रम बदलला की परत. मारताना आणि त्यानंतर साधारण २४ तास घरात कुणी थांबायचं नाही, लहान मुलं, म्हातारी माणसं, पाळीव प्राणी कुणीच नाही, उत्पादकाने जास्त वेळ सांगितला असेल तर तो पाळा, आणि खिडक्या उघड्या, पंखे चालू. आयसोसायनेटमुळे दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी जडली की मग अगदी थोड्या संपर्कानेही त्रास होतो. युरोपियन युनियनमध्ये २४ ऑगस्ट २०२३ पासून ही रसायनं व्यवसायात वापरणाऱ्यांना आधी प्रशिक्षण घेणं बंधनकारक केलंय, यावरून गांभीर्य समजून घ्या. फोम मारल्यापासून घरात कुणाला छाती भरून येणं, खोकला, डोळ्यांची आग असं होत असेल तर तपासणी वगैरे नंतर, आधी घराबाहेर पडा आणि डॉक्टरांना फोमबद्दल आवर्जून सांगा.

परत भरताना या जागा सोडा

धुराडं, गीझरची किंवा बॉयलरची धूर बाहेर टाकणारी नळी, यांच्याभोवती फोम नको, गुलाबी रंगाचा आगरोधक म्हणून मिळतो तोही नको, तो ठरावीक मापाच्या सांध्यासाठी तपासलेला असतो, तापत्या नळीसाठी नाही. तिथे मिनरल वूल, म्हणजे दगडी तंतूंचा न जळणारा कापूस, आणि पत्र्याची पट्टी. छतात बसवलेल्या दिव्यांभोवती साधारण ७५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा, दिव्यावरच इन्सुलेशनला चिकटून चालेल असं लिहिलेलं नसेल तर. स्विचबोर्डच्या डब्यात फोम कधीच भरायचा नाही. वायरी फोममध्ये पूर्ण गाडल्या की त्यांची उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून जास्त भाराच्या वायरी असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला विचारा. आणि राहत्या खोलीच्या बाजूला फोम उघडा ठेवू नका, पॉलियुरेथेन पेटलं की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो, त्यावर निदान १२.५ मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड किंवा तशी मान्यता असलेला लेप हवाच.

कॅन वापरताना जवळपास ठिणगी, पेटता बर्नर, सिगारेट काही नको, त्यातला गॅस प्रोपेन, ब्युटेनसारखा असतो आणि तो जमिनीलगत साठतो.

दाराखिडक्यांच्या चौकटीत भरत असाल तर कमी फुगणारा फोम घ्या, चौकटीत आडवे आणि उभे टेकू लावा आणि फोम पूर्ण पिकेपर्यंत काढू नका. जास्त फुगणारा फोम चौकटीला आत ढकलतो, मग दार अडकायला लागतं, आणि दार तासून काही होत नाही, फुगलेला फोम मागून कापून ताण सोडवावा लागतो.

ओला फोम हाताला लागला तर लगेच फडक्याने पुसा, कपड्याला किंवा हत्याराला लागला तर एसिटोनने निघतो, पण चामडीवर एसिटोन घासत बसू नका, हातमोजे आधीच घाला ना. वाळल्यावर कुठल्याच द्रावणाने निघत नाही, फक्त खरवडून. उरलेला कॅन उभा ठेवा, आडवा ठेवला की झडप चिकटते आणि पुढच्या वेळी दाबून दाबून तुटते. गन वापरत असाल तर कॅन लावलेलाच ठेवून मागचा स्क्रू बंद करा, कॅन संपेपर्यंत काढायची गरज नसते, आणि कॅन संपला की लगेच क्लीनरचा कॅन लावून गन धुवा, दुसऱ्या दिवसावर टाकलं तर आत फोम कडक होतो.